खोटा नवस

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, लग्नाची जेवणं सुरू झाली की बायकांच्या पंगतीमागं येऊन उभे राहायचे. तूपवाला माझ्या ताटापाशी वाकला की म्हणायचे, "पुढं व्हा. आमचा नवस हाय." पुरुषमाणूस बायकांत, तोही सुनेसाठी. बाया पदराआड हसायच्या. आबांना त्याचं काही नव्हतं.

मला दूध सोसत नाही. दही, ताक, तूपसुद्धा नाही. अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो. लग्न होऊन कवठे येमाईला आले तेव्हा घरातली मेंढरं जाऊन म्हशी आल्या होत्या आणि घर दुधावर चालत होतं. दुभत्या घरात असली सून कशाला, माहेरी धाडा, असं आबांची बहीण, म्हणजे आत्याबाई, माझ्यादेखत म्हणायच्या. नवरा उठून गोठ्यात जायचा. जो तो औषध सांगायचा, नाहीतर थोडं घेऊन बघ म्हणायचा.

केंदूरला एका लग्नात मी तूप नको म्हणाले. वाढणारीला ती मिजास वाटली. "नुसतं बेसन हाय, खा की," म्हणून तिनं पिठलं वाढलं. त्यात ताक होतं आणि तिला ते ठाऊक होतं. तोंड सुजलं, श्वास घेता येईना. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं, म्हणून वाचले.

परतताना आबा म्हणाले, "आजार सांगितला की लोक औषध सांगत्यात. नवस सांगितला की हात जोडत्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावात सांगून टाकलं, "सुनेनं आन् मी बिरोबापुढं दूधदुभतं सोडलंय." असलं काही नव्हतं. खरं आम्हा दोघांनाच माहीत. आत्याबाईंनी माहेरचा विषय सोडला. देवाच्या कामात कोण बोलणार?

पण बोलले ते त्यांना पाळावं लागलं. भाकरीबरोबर दही लागणारा माणूस. रोज दोन्ही वेळा धारा काढायचा आणि कोरा चहा प्यायचा. शिरूरच्या बाजाराला आम्ही गेलो की खिशातून घरचं धुतलेलं फडकं काढून हॉटेलवाल्याला द्यायचे, चहा यातून गाळ म्हणायचे. त्याच्या फडक्याला दूध लागलेलं असायचं. तो एकदा म्हणाला, "आबा, दारात म्हशी आन् कोरा चहा? लाज वाटत न्हाई व्हय?"

"म्हशीला वाटत न्हाई. तुला का वाटती?"

पुढं आबा अंथरुणाला खिळले. अंगात ताकद नाही, दूध द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. सगळी शेतावर गेल्यावर मी पेलाभर तापवून नेलं. म्हटलं, घरात कुणी नाही, घ्या.

त्यांनी पेला हातानं बाजूला सारला. "दारातनं कोण डोकावलं तर? मी प्यालो, तर उद्या तुझ्या ताटात पडंल."

मी ते दूध कुत्र्याला घातलं. त्याच आठवड्यात आबा गेले.

तेराव्याच्या जेवणात पंगतीमागं कुणी उभं नव्हतं. तूपवाला आला, माझं ताट ओलांडून पुढं गेला.