दीड पांडूची जागा

आमची कोरोना समिती मोडून वर्षं झाली, पण चौघं चहाला बसलो की मीटिंग पुन्हा सुरू. सरपंचबाई, उपकेंद्राच्या सिस्टर, जीपवाला पांडू आणि इतिवृत्त लिहायला मी, रिटायर्ड मास्तर. लिहिलं त्याहून न लिहिलेलंच जास्त साठलंय.

*

आमच्या कशेळ्याचा आठवडे बाजार उघडायचा का, यावर पहिली मीटिंग. सिस्टर म्हणाल्या, अजून दोन आठवडे थांबा. सुकी मासळी विकणारी सुमनवहिनी ताडकन उठली. पाऊस तोंडावर, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी हीच तिची वर्षाची कमाई.

"सिस्टर, तुमचा पगार चालू हाय. माझं बोंबील घरात पडून हायत."

"खरंय वहिनी. मला रोज शिव्या द्या, पण दोन आठवडे थांबा."

वहिनी शब्दाला पक्की. रोज सकाळी उपकेंद्रासमोर येऊन द्यायची, रविवारीसुद्धा.

*

जीपमध्ये निम्मीच माणसं, असा नियम. वाडीवरचा एक आजा पांडूला म्हणाला, "मी मागं लटकतो रं. सिस्टरच म्हनल्या, मोकळ्या हवेत ऱ्हावा."

पांडूनं त्याला पुढं बसवलं आणि स्वतःच्या मेव्हण्याला खाली उतरवलं. मेव्हणा अजून बोलत नाही.

*

बाजारात सहा-सहा फुटांचे चौकोन आखायचे, आणि ऐन वेळी टेप सापडेना. सरपंचबाई म्हणाल्या, "पांडू, तू सहा फूट हायस ना? झोप."

पांडू आडवा, डोक्याशी-पायाशी चुना, उठला की पुढं आडवा. अख्खा बाजार असा मोजला.

सुमनवहिनी बघत होती. "माझा पसारा मोठा हाय. मला दीड पांडू लागतील." दिले. पहिलीच जागा, जीप थांबतात तिथं.

*

बाजार उघडला त्या सकाळी तीच जागा रिकामी. सिस्टरना वहिनीचा फोन आला.

"अंगात कणकण हाय. मी येत नाय. पन बाजार बंद करू नका, बाकीच्यांचं पोट हाय."

सिस्टरनी घरी जाऊन टेस्ट केली. पॉझिटिव्ह. "आता वो?" सरपंचबाईंनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "ती घरात थांबलीय ना? मग चालू ठेवू. मास्क मी बघते." दिवसभर उन्हात फिरल्या. वहिनीच्या जागेवर कुणी टोपली टेकवली नाही. मला माझ्या गावाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी आम्ही लांब, तिच्या अंगणात उभे. वहिनी खिडकीत.

"माझ्या जागेवर कोन बसलं?"

"कुणीच नाही."

"मंग आता किती दिस थांबू?"

"दोन आठवडे," सिस्टर कशाबशा म्हणाल्या.

"बरं. उपकेंद्रावर यायला जमनार नाय. शिव्या फोनवर देते."