एकाच बेटाच्या सहा पिशव्या

त्या खोलीत आम्ही चौघंच हुतो. जाधव सर, कंप्युटरवर बसनारी वैशाली, पुन्यासनं आलेला इंजिनेर, आन् दाराशी फडकं घेऊन मी — सोनाबाई, लॅबची मावशी. हे मी आजवर कुनाला सांगितलं न्हाई. नवऱ्यालाबी न्हाई, तो तसाच गेला. आता नात लिहून घेतीया.

कागलच्या अंगाला उसाची लॅब हुती. पानं तपासून कुठला ऊस कुठल्या जातीचा, ते बघायचं. पडद्यावर परत्येक उसाची येगळी रांग यायची — उभं रंगीत सुळकं, कुठं उंच, कुठं बुटकं. मी साळंचं तोंड बघितलेलं न्हाई. आकडं वैशालीनंच शिकवलं, डब्याच्या सुट्टीत, फरशीवर खडूनं. म्हनून तर खुरपं घेऊन तन काढायची भांगलन सुटली आन् पानं तोडायचं काम मिळालं. उसाच्या बेटावरचा, म्हंजे एका बुडातनं फुटलेल्या झुपक्यावरचा, नंबर बघायचा, त्याच नंबराच्या पिशवीत पानं घालायची. येवढंच. फुडं त्या पानांचा अर्क वैशाली नंबर बघून नळ्यांत भरायची आन् नळ्या मशीनला लावायची.

एकदा सहा रांगा एकसारख्या आल्या. वैशालीला वाटलं, पडदाच चुकतोय — एकच चित्र परत परत दावतोय. तिनं ते सॉफ्टवेअर बंद केलं, चालू केलं, काढून परत घातलं. एकेक रंग झाकून बघितला, सुळकं मोठं करून बघितलं. चार दिस. डोळं लाल झालतं पोरीचं. मी शेजारी चहा ठेवत हुते. मला ठावं न्हवतं व्हय, पडद्याला काय झालं न्हाई ते?

इंजिनेर म्हनला, "मशीनची चूक न्हाई ओ. तुमी घातलंय तेच दिसतंय."

सर वैशालीकडं वळलं. "नळ्या भरताना ध्यान कुठं हुतं?"

"नंबर बघूनच भरल्या सर." मग माझ्याकडं बघून — "मावशी, पिशव्या नंबरावारी भरल्या न्हवं?"

"व्हय की," मी म्हनलं.

"मावशी चुकायच्या न्हाईत सर. आकडं मी शिकवल्यात."

काय केलतं मी? पल्याडच्या सऱ्यांत चिखल हुता. पाय ठनकत हुतं — न्हाई, ते कारन न्हाई. कटाळा आलता. बांधावर बसले आन् हाताशी जे बेट हुतं, त्याचीच पानं सहा पिशव्यांत घातली. वाटलं, पानाला काय तोंड असतंय?

सरांनी परत पानं आनायला पाठवलं. तवा चिखलात गेले, नीट भरली. सहा रांगा सहा तऱ्हंच्या आल्या. "बघा, आता कसं आलं?" सर म्हनलं. म्हंजे आदी नळ्या वैशालीनंच घोटाळल्या, असं ठरलं. तवा तरी बोलायचं हुतं. बोलले असते तर परत खुरपं हातात आलं असतं — मी फरशी पुसत ऱ्हायले.

पुढच्या हंगामाला तिला घेतलं न्हाई. जाताना खडूची डबी मला दिली. "शंभराच्या फुडं गाडी जात न्हाई तुमची, सराव करा," म्हनून हसली.

हे वाचनारं पावणं, वैशाली बिद्रीकडची. हनुवटीला तीळ हाय. कुठं भेटली तर सांगा — नळ्या बरोबर हुत्या. पिशव्या सोनाबाईनं भरलत्या, एकाच बेटाच्या.