विषयाबाहेरच्यांसाठी रविवार

विकास नगरच्या ताईंबद्दल आधी सांगतो, मग आईबद्दल. ताई नसत्या तर आईबद्दल मी कुणाशी बोललोच नसतो.

ताई मूळच्या नागपूरच्या, लखनौत एका सरकारी कंपनीत प्रोग्रामर. इंटरनेट तेव्हा आमच्यापर्यंत आलं नव्हतं. त्यांनी घरच्या फोनला मोडेम जोडून प्रोग्रामिंगवाल्यांसाठी एक बोर्ड चालवला होता. कॉम्प्युटरवरून त्यांचा नंबर फिरवायचा, आपला प्रश्न लिहायचा, दुसऱ्यांची उत्तरं वाचायची आणि लाइन सोडायची. एका वेळी एकच माणूस. म्हणून नियम कडक होता, कामाशिवाय एक ओळ नाही.

मी लखनौजवळच्या चिनहटला एका कारखान्यात पगाराचं काम कॉम्प्युटरवर करायचो. शाळा नववीत सुटली, घर यवतमाळकडे राहिलं. फॉक्सप्रो ही प्रोग्रामिंगची भाषा बघून बघून शिकलो. बोर्डावर कुणी शिक्षण विचारत नसे, हेच मला खूप होतं. तरी धाकधूक असायचीच, आज कळेल यांना, आज काढतील.

आई गेली. मी गावी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आलो तर कारखान्यात सगळे म्हणाले, ‘बहुत दुख हुआ भैया,’ आणि मशीनकडे वळले. त्यांचं काही चुकलं नाही. एक दिवस पगारपत्रकाच्या छपाईतली अडचण विचारता विचारता मी बोर्डावर खाली लिहून गेलो, ‘आई शेवटी मला हाका मारत होती म्हणे. मी इथे होतो.’ इंग्रजी अक्षरांत, पण मराठीच.

एकाने अंदाजाने अर्थ लावून लिहिलं, ‘यार, लाइन कब से इंगेज है, और यहाँ शोकसभा चल रही है. यह प्रोग्रामिंग का बोर्ड है.’ दुसरा म्हणाला, ‘ताई, इनको बाहर कीजिए.’

मी लाइन सोडली.

दुसऱ्या दिवशी ताईंचं उत्तर आलं. ‘संदेश काढणार नाही. रविवारी सकाळी लाइन विषयाबाहेरच्या गोष्टींसाठी. तेव्हा फॉक्सप्रोचं कुणी विचारायचं नाही.’ खाली फक्त मला, ‘अरे, कशी होती रे तुझी आई? लिही. लाइनची काळजी करू नकोस.’

कारखान्याची सुट्टी शुक्रवारी असायची, त्यामुळे रविवारी कॉम्प्युटर माझ्याजवळच. मी लिहिलं, आई मिरच्या खुडायला जायची. हात झोंबायचे म्हणून माझं तोंड ती मनगटाने पुसायची. लिहिताना रडलो. शोकसभा म्हणणाऱ्यानेही पुढे तिथेच लिहिलं, मलिहाबादची त्यांची आंब्याची बाग विकली तेव्हा अब्बू जेवले नव्हते ते.

ताईंची बदली झाली तेव्हा त्यांना पहिल्यांदा भेटायला गेलो. त्या चहा करत होत्या. त्यांची मुलगी मला म्हणाली, “अच्छा, संडे वाले भैया आप हैं? संडे को नानी का फोन आता था, उस दिन एसटीडी सस्ता रहता है न. मम्मी ने मना कर दिया.”

“मग आजी कधी बोलते?”

“कभी-कभी. नानी को कम सुनाई देता है, अब तो फोन से घबराती हैं.”

ताई आतून म्हणाल्या, “तू गप गं. साखर किती रे तुला?”

आईशी बोलायचा त्यांचा वेळ त्यांनी माझ्या गेलेल्या आईला दिला होता.

नंतर तो बोर्ड बंद पडला, ताईंचा पत्ताही हरवला. पण मी त्यांना शोधणार आहे. त्यांच्या आईबद्दल त्यांनी तिथे कधी एक ओळ लिहिली नाही. ते सगळं त्यांनी सांगावं आणि मी घड्याळ न बघता ऐकावं, एवढं मी एक दिवस नक्की फेडणार.