घर देणे आहे

“इकायला काय म्हस हाय व्हय ती? द्यायचं हाय!” असं म्हणून ते गिऱ्हाइकाला दारातच थांबवायचे आणि पाटीकडं बोट दाखवायचे. पाटीवर खडूनं लिहिलेलं असायचं, ‘घर देणे आहे. दलालाने येऊ नये.’

राजारामपुरीतल्या आमच्या शेजारच्या घराचे हे मालक. पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. उद्यमनगरात लेथवर जन्म काढलेला, म्हणून सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. आधी बायको गेली, मग गुडघे गेले, तेव्हा हुपरीला दिलेल्या लेकीनं सांगितलं, आता इकडंच या. मिस्त्री तयार झाले, पण स्वतःलाच एक अट घालून बसले. घर राहणाऱ्यालाच द्यायचं, पाडून दुकानं काढणाऱ्याला नाही. दलाल आणायचे ते सगळे दुकानवाले. म्हणून दलाल बंद.

आता ‘देणे आहे’ वाचून लोकांनी काय समजायचं, तुम्हीच सांगा! निम्मे लोक भाड्यानं घ्यायला यायचे. मी कचेरीतला कारकून, मसुदे लिहिण्यात हयात गेलेली. मला राहवेना. म्हटलं, “मिस्त्री, सरळ ‘विकणे’ लिहा की.”

“लेक इकतो का आपण? देतो की न्हाय? मग!”

आणि खरंच, मुलीला स्थळ बघावं तसं ते गिऱ्हाईक बघायचे. माणसं किती, सैपाक कोण करतं, घरात तापट कोण. शिवाय घरातले दोष आपणहून सांगायचे. “पावसात मागची खोली गळतीया. ही खिडकी लागत न्हाय. आता बोला पावणं!” पावणं बोलायचे नाहीत, चपला घालायचे. मी हे सगळं आमच्या खिडकीतून बघायचो. दुसऱ्याच्या घरात डोकावायची मला भारी खोड, कशाला लपवू?

सहा महिने असे गेले. मग उचगावच्या एक बाई आल्या, शाळेत शिकवणाऱ्या, सोबत नवरा. दोघं बौद्ध. दलालांनी आधी आडनाव विचारलं आणि नंतर एकही घर दाखवलं नाही, हे बाईंनीच पहिल्या झटक्यात सांगून टाकलं. मिस्त्रींनी आडनाव विचारलंच नाही. बाईंनी मात्र नळ सोडून बघितला, गळकी खोली बघितली, खिडकी दोनदा आपटली.

“काका, लाकूड फुगलंय. रंधा मारला की लागेल.”

मिस्त्री जाम खूश! मी त्यांना फाटकापाशी गाठलं. म्हटलं, “जरा गल्लीचा पण विचार करा.”

“भाऊसाहेब, नांदायचं कुणाला हाय? त्यास्नी, का गल्लीला?”

कागद झाला आणि मिस्त्री हुपरीला गेले.

पुढं दर दोन-तीन महिन्यांनी ते एसटीनं यायचे. घराभोवती एक फेरी मारायचे, कट्ट्यावर बसून बाईंशी गप्पा मारायचे. पण बाईंनी पाण्याचा तांब्या आणला की हात जोडायचे. “नगं.” चहा? तोही नगं. बाईंचा चेहरा उतरायचा. मी म्हटलं, चला, म्हातारा शेवटी आमच्यातलाच निघाला. घर दिलं, पण पाणी चालत नाही. चार घरांत जाऊन सांगितलंही. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

एकदा मी तिथंच उभा असताना बाईंनी विचारलंच. “काका, आमच्या हातचं चालत नसेल तर तसं तोंडावर सांगा. मला हे असं नको.”

मिस्त्री दचकले. त्यांनी कानाला हात लावले.

“आरं देवा! बाई, तसं न्हाय वो. पोरगी दिली की तिच्या घरचं पाणी बाप पीत न्हाय, तिला मूल हुईस्तोवर. हे घर मी दिलंय न्हवं तुमास्नी? हितं पाळणा हलू द्या, मग पाणी काय, जेवायलाच येतो की!”

बाई हसल्या आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. मग माझ्याकडं वळल्या. दीड वर्षाच्या शेजारात मीही त्या घरचा घोटभर चहा घेतला नव्हता.

“आणि भाऊसाहेब, तुम्ही कुठली लेक दिलीत इथं?”

तांब्या त्यांच्या हातातच होता. मी तो घेतला आणि उभ्या उभ्या सगळा रिकामा केला.

पाळणा हलला, पण तोवर मिस्त्री राहिले नव्हते. बारशाच्या पंगतीत बाईंनी पहिलं पान त्यांच्या नावानं मांडलं. थोडा वेळ ते तसंच राहिलं. मग बाईंनी मला हाक मारली आणि त्या पानावर बसवलं. मान वर न करता मी जेवत राहिलो. बाई वाढत होत्या आणि मी नको म्हणत नव्हतो.