रबराची नळी

१८ मार्च १९४१. सकाळी मी ऑपरेशनची हत्यारं उकळत होते. शहाद्याच्या आमच्या दवाखान्यात क्लोरोफॉर्म मीच देत असे. बेशुद्धीत जीभ घशात पडली की श्वास अडतो. डॉक्टर ती चिमट्याने बाहेर ओढून धरायला लावत. श्वास सुटे, पण जिभेला जखम होऊन माणसाला भाकरी चाववत नसे. तोंडात घालायची पितळी नळी जीभ उचलून धरी, पण दातांवर आदळे. रबरी नळी नवीन आली होती, अजून कुणाला घातली नव्हती.

त्या दिवशी ब्राह्मणपुरीची शेतकरीण होती. मांडीला मोठं गळू, आणि पुढचे दोन दात हलणारे. दात निसटून श्वासनळीत गेला तर?

"मन्ही जीभ तोडशात का, बाई?" तिने विचारलं.

"तोडली तर तुझी सासू मला लुगडं देईल."

ती हसली, पण तोंड मिटून. मला शंका आली. गालात बोट घातलं, तर तंबाखूची गोळी! भीती वाटू नये म्हणून धरली होती. बेशुद्धीत हीच घशात गेली असती.

गोळी काढली, क्लोरोफॉर्म दिला. थोड्या वेळाने श्वास घोरत घोरत थांबला.

"चिमटा!" डॉक्टर म्हणाले.

मी चिमट्याऐवजी तिच्या तोंडात रबरी नळी सरकवली. छाती पुन्हा हलू लागली. डॉक्टरांनी सुरी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकरणीने आधी तंबाखूच मागितली. जीभ, दात शाबूत होते. मी तिला भाकरी दिली आणि पुढच्या पेशंटचा गाल तपासायला गेले.