खोक्यावरचा आकडा

मी कमी बोलतो. घरात, बसमध्ये, गोदामात सगळीकडे माझी तशीच ओळख आहे, आणि लोक त्याला सज्जनपणा समजतात. मीही तो समज कधी दुरुस्त केला नाही.

दुबईत जबल अलीच्या एका गोदामात मी येणारा माल तपासतो. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आहे, म्हणून बॅटऱ्या, चार्जर, वायरी माझ्याकडे. चार वर्षांपूर्वी व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, घालायच्या बॅटऱ्यांचा एक लॉट आला. बोटाएवढ्या, जांभळ्या वेष्टनाच्या. वेष्टनावर चाळीस अँपिअर छापलेलं. एक उचलली तर हातालाच हलकी लागली. काट्यावर ठेवली, तर वजनही भरेना. मग लोड लावून पाहिलं. पंधरा अँपिअरच्या वर ओढलं की इतकी तापायची, तिला हात लाववत नव्हता.

मॅनेजरला सांगितलं. त्यानं मान वरही केली नाही. "भाई, डिब्बे पे जो लिखा है वही लिखो. यल्ला, खलास."

रिपोर्टात 'चाचणीत मिळालेला आकडा' असा एक रकाना असतो. त्यात मी चाळीस लिहिलं आणि सही केली. धमकी कुणी दिली नव्हती. माझा व्हिसा रिन्यूअलला आला होता, एवढंच. आणि तो तर दर दोन वर्षांनी येतोच.

मी राहतो अजमानला. तिथं आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब राहतं. नवरा माझ्याच कंपनीत, डिस्पॅचला. पहाटे साडेपाचच्या कंपनी बसमध्ये आम्ही शेजारी बसायचो. तो बोलायचा, मी ऐकायचो. मला 'इंजिनीअर' म्हणायचा, अर्धं चिडवायला. मी त्याला भाई म्हणतो. त्याची सिगारेट सुटावी म्हणून बायकोनं त्याला मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. वर्षभर पाळली. मग त्यानं व्हेप घेतलं.

"धूर नाही रे, वाफ आहे," तो मला म्हणाला. "शपथ धुराची होती."

बस स्टॉपवर त्यानं ते खिशातून काढून दाखवलं. "दोनशेतीस वॅट, इंजिनीअर! घरचा पंखा पंच्याहत्तरचा. आहेस कुठं?" मग मागचं झाकण उघडलं. आत दोन जांभळ्या बॅटऱ्या. आमच्याच लॉटमधल्या, अजमानच्याच कुठल्याशा दुकानातून घेतलेल्या. दोनशेतीस हा आकडाही फुगवलेला. चांगल्यातल्या चांगल्या दोन बॅटऱ्यांतून दीडशे निघाले तरी डोक्यावरून पाणी. आणि ह्या तर असल्या.

"याला ह्या चालतील ना?" त्यानं विचारलं.

"चालतील," मी म्हणालो.

आपल्या भाषेत हा शब्द फार सोयीचा आहे. चालतील म्हणजे काम करतील, चालतील म्हणजे हरकत नाही. त्या चालत होत्याच, मग मी खोटं कुठं बोललो, असं मी पुढे स्वतःला कितीदा तरी सांगितलं. खरं कारण निराळं होतं. नको म्हटलं असतं तर त्यानं 'का' विचारलं असतं, आणि त्या 'का'चं उत्तर माझ्या सहीपाशी येत होतं.

तीन आठवड्यांनी, सकाळीच, बस ट्रॅफिकमध्ये उभी असताना, शिट्टी व्हायच्या आधी कुकर फुसफुसतो तसा आवाज आला. तो माझ्या शेजारून उडालाच. पँटच्या खिशातून धूर, मग ज्वाळा. मागच्या माणसानं पाण्याची बाटली ओतली, ड्रायव्हरनं अग्निशामक आणला. मी त्याचा पट्टा सोडवत होतो आणि माझी बोटं चालत नव्हती.

मांडीपासून गुडघ्याच्या मागपर्यंत भाजलं. दुसरीकडची कातडी लावावी लागली. तो गुडघा आता पुरता वाकत नाही. मशिदीत नमाजाला तो कडेच्या खुर्चीवर बसतो, म्हाताऱ्यांच्या रांगेत.

सगळ्यांनी त्यालाच दोष दिला, त्यानंही स्वतःलाच. "बटण लॉक करायचं राहिलं," म्हणायचा. बायको तर बटणाचं नावही घ्यायची नाही. तिच्या लेखी ही खोट्या शपथेची सजा होती. हळूहळू त्यालाही तेच पटलं. "माझ्यावर आली, पोरीवर नाही आली," असं तो हॉस्पिटलात मला म्हणाला होता. "शुक्र आहे." मी त्याला सफरचंद कापून देत होतो. पुढची फोड दिली.

चार वर्षं मी त्याच्याशेजारी बसून प्रवास केला.

यंदा त्याच्या मुलीला पुण्याच्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली. आई तयार, मुलीनं बॅगही आणून ठेवली. हाच अडून बसला. एका सकाळी बसमध्ये मी विचारलं, "भाई, का नाही म्हणता?"

त्यानं आधी मागच्या सीटकडे बघितलं. मग म्हणाला, "हसू नको. शपथेचं अजून काही बाकी असेल तर? इथं माझ्या नजरेसमोर आहे. तिथं काही झालं तर?"

मी त्याला सांगितलं. सगळं, क्रमानं. वजन, पंधरा अँपिअर, मॅनेजर, रकाना, सही, आणि बस स्टॉपवर त्याला दिलेलं उत्तर. "शपथेचा काही संबंध नव्हता," म्हणालो. "बॅटरी खराब होती आणि मला ठाऊक होतं."

तो ओरडला नाही. त्यानं ताठ पाय सीटच्या बाहेर काढून नीट केला, नेहमी करतो तसा. गोदामाचं गेट आलं तेव्हा एवढंच म्हणाला, "संध्याकाळी घरी ये. हे तुझ्या भाभीला सांग. तुझ्या तोंडानं."

संध्याकाळी गेलो. भाभींनी दार उघडलं, "या भावजी," म्हणाल्या, पाणी दिलं. मुलगी टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. तिला आत पाठवावं असं मला वाटलं, पण भाई म्हणाला, "राहू दे तिला." मग मी सकाळचं सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही गेलं.

भाभी आधी नवऱ्याकडे बघत राहिल्या. "चार वर्षं मी यांना काय काय बोलले," त्या म्हणाल्या. "ते आता मागं कसं घेऊ?"

"राहू दे," भाई म्हणाला. "वाफेचा हिशोब माझाच होता ना."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि बाकीच्या?"

मला कळलंच नाही. "बाकीच्या काय?"

"बॅटऱ्या. खोकं भरून आल्या होत्या ना? यांना दोन लागल्या. बाकीच्या कुठं आहेत?"

चार वर्षं मी एका मांडीचा विचार करत होतो. बाकीच्या दुकानांत गेल्या, शारजा, अजमान, कुठं कुठं. आणि ते शेवटचं खोकंही नव्हतं. तेव्हापासून तसलेच आणखी दोन लॉट आले, दोन्हींच्या रिपोर्टावर माझी सही आहे, दुसऱ्याचा माल अजून गोदामात पडून आहे. हे मी सकाळी बसमध्येही सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

"मग इथं काय बसलाय?" भाभी म्हणाल्या.

"नोकरी जाईल त्याची," भाई म्हणाला. माझी बाजू घेत नव्हता. आठवण करून देत होता, मला की तिला, कोण जाणे.

"जाईल," मी म्हणालो.

मुलीनं तोवर ग्राहकांच्या तक्रारीचं सरकारी पान उघडलं होतं. मी मराठीत सांगत गेलो, ती इंग्रजीत टाइप करत गेली. लॉट नंबर, वजनं, तारखा मला सगळं पाठ होतं. मॅनेजरपाशी आल्यावर तिची बोटं थांबली.

"अंकल," तिनं मान वर न करता विचारलं, "व्हॉट शुड आय राइट? 'आय वॉज टोल्ड टू साइन', ऑर जस्ट 'आय साइन्ड'?"

भाई माझ्याकडे बघत होता.

"साइन्ड," मी म्हणालो. "नुसतं साइन्ड. खाली माझं पूर्ण नाव घाल."