सगळ्यात मोठ्या हाराचा माणूस

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण मी केलेला मूर्खपणा साधासुधा नाही. घर जप्तीला लागलं असताना मी वकील शोधायला निघालो आणि... थांबा, चहा घ्या, पहिल्यापासून सांगतो.

अकोल्यात कोर्टापासून हाकेच्या अंतरावर माझं फुलांचं दुकान. घरावर बँकेचं कर्ज. लेकीच्या नर्सिंगच्या शिक्षणात हप्ते तुंबले आणि एक दिवस बँकेची नोटीस आली: साठ दिवसांत पैसे भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊ. मी शूर माणूस! नोटीस घडी घालून देवाच्या फोटोमागे ठेवली. देव बघून घेईल म्हटलं. देवाने काही बघितलं नाही, बघितलं बायकोने, झाडझूड करताना.

"दीड महिना झाला हे येऊन! घर चाललं आन् तुमी हार गुंफून राहिले?"

"पाहतो ना वकील, शोभा."

"पाहतो नाई, आज पाहा. आन् चांगला पाहा. घर एकच हाय आपलं."

शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फुटला. ते मला नोटिशीपेक्षा जास्त लागलं.

आता चांगला वकील ओळखायचा कसा? लोक डिग्री बघतात. मी हार बघतो! इतकी वर्षं सत्काराचे हार करतोय, हाराची लांबी सांगा, मी माणसाची योग्यता सांगतो. आणि कोर्टात माझ्याकडून आजवर सगळ्यात मोठा हार गेला तो इंगळेसाहेबांच्या निरोप समारंभाला. निशिगंध, गुलाब, मध्ये जरीचे गोंडे. उचलायला दोन माणसं! मी स्वतः पोचवायला गेलो होतो. काळा कोट घातलेले इंगळेसाहेब समोर उभे, आणि हार घालायला खुद्द जज्जसाहेब! अख्खा हॉल उठून उभा! माझ्या अंगावर काटा आला होता. मला सांगा, तुम्ही काय समजला असता?

गेलो तसाच बार्शीटाकळीला, त्यांच्या घरी. साहेब अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी पाय धरले, सगळी कहाणी सांगितली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. मग विचारलं,

"दरवाजे किती घराले?"

"दोन, साहेब."

"मांगच्याची कडी आतून हाय का बाहेरून?"

मी थक्क! बँकेच्या केसमध्ये मागच्या दाराची कडी! हे कोणाला सुचेल?

"घरात म्हातारं मानूस?"

"आई हाय. गुडघे गेले तिचे."

"हं. सामान एका गाडीत जाईन का दोन लागतीन? येतो पुढच्या हप्त्यात. पाहतो."

नोटीस तर त्यांनी हातातसुद्धा घेतली नाही. मोठी माणसं कागद बघत नाहीत, मुळाशी जातात, असं मी एसटीत शेजारच्याला पटवत आलो. दोन दिवसांत सगळ्या लाईनीत सांगून झालं, "वकील भेटला बावा, वाघ!"

माझ्याकडे रोज सकाळी एक बाई यायच्या. दहा रुपयांची सुटी पांढरी फुलं, तीही एकेक उलटून बघून घ्यायच्या. मी त्यांना शाळेतल्या मॅडम समजायचो. त्यांनीही विचारलं, "काय झालं दादा, जप्ती-बिप्ती म्हणून राहिले तुमी?"

"तुमाले नाई समजनार ताई, कोर्टाची भानगड हाय. इंगळेसाहेबांकडे देली केस."

"इंगळे काकांकडे? अवो, पण ते त..."

"तुमी फुलं घ्या ताई, गिऱ्हाइकं खोळंबले."

त्या फुलं घेऊन गेल्या.

आठवड्याने साहेब घरी आले. खोल्या फिरले, कपाट ढकलून बघितलं. मी वही घेऊन मागे.

"लिहा. आईची खाट पयले सावलीत टाकजा. दवाया आन् कागदं येगळ्या पिशवीत. गॅस सगळ्यात शेवटी."

मी प्रत्येक शब्द उतरवून घेत होतो. तेवढ्यात शोभा चहा घेऊन आली. "साहेब, मंग स्टे कवा भेटते?"

"स्टे? तो त वकील आनते, माय."

"मंग तुमी कोन हा?"

"मी बेलिफ होतो कोर्टात. जप्तीचं वारंट आलं की घरं खाली कराले जायचो. याले कोनी सांगतलं नाई का? मले वाटलं, घर गेलंच म्हनून इचाराले आला."

अरे देवा! मी घर वाचवायला गेलो आणि घर कसं रिकामं करायचं ते वहीत उतरवून घेत होतो!

"पन मंग तो काळा कोट? जज्जसाहेबानं हार घातला तो?" मी रडकुंडीला आलो होतो.

म्हातारा ओशाळला. "कोट त निरोपासाठी शिवला होता. बाकी तसं काई नाई. कोनाच्या घरी जेवन चालू असलं त मी दारात बसून राहो. सगळे जेवल्याबिगर सामानाले हात नाई लावला कधी. लोकायनं ध्यानात ठेवलं, बस."

शोभाने डोळ्याला पदर लावला. तो हार लहानच झाला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

जाताना ते म्हणाले, "मले दारातून वापस पाठवलं ते एकाच वकिलानं. लय खेपा. मी पोचाच्या आंधी त्यायचा कागद पोचलेला राहे. वानखडे मॅडम. रोज तुह्याच दुकानातून त फुलं नेतात, बुद्धाच्या मूर्तीसाठी!"

आणि मी त्यांनाच 'तुमाले नाई समजनार' म्हणून वाटेला लावलं होतं!

सकाळी दुकान उघडून मी नोटीस हातात घेऊन उभा. मॅडम आल्या. त्यांनी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, मग उलटून मागची बाजूही बघितली.

"चार दिवस राहिले, दादा. त्या दिवशी बोलू देलं असतं त बारा होते."

चार दिवस पुरले त्यांना. बँकेला उत्तर गेलं, मग मला घेऊन त्या स्वतः बँकेच्या साहेबासमोर बसल्या. आवाज चढवला नाही, टेबल आपटलं नाही. एकेक कागद पुढे सरकवत गेल्या आणि तो साहेब हळूहळू खुर्चीत सरळ होत गेला. मुदत वाढली, हप्ते बांधून मिळाले. मी खुर्चीच्या काठावर बसून तोंड उघडं टाकून बघत होतो. आई त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

मग मी हार केला. इंगळे काकांच्या हारापेक्षा हातभर मोठा! तीन माणसांनी मॅडमच्या ऑफिसात नेला. मॅडमनी त्यातलं एक फूल उलटून बघितलं.

"ताजं हाय."

"मंग! तुमच्यासाठी, मॅडम..."

"सहा वर्षांत पयल्यांदा. रोज पुडीत वर चार आजचे राहत, खाली सारे कालचे."

"तुमाले... ठाऊक होतं? मंग माही केस काहून घेतली?"

"केस मी शोभाताईच्या घराची घेतली," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तुमच्याविरुद्धचा पुरावा त मी रोज घरी नेत होती, दादा."